ढगाखालचं घर

हे कोणी खरं मानणार नाही. तुम्ही तर मुळीच मानू नका. काल तुमचं गाव खाडीपलीकडून या उंच कातळी सड्यावर उतरलं, तेव्हाच कोणीतरी तुमच्या कानात सांगितलं असेल की त्या धाकू गुरवाच्या फणसाखाली बसू नका, म्हातारा शिंकला तरी त्यात निम्मं खोटं असतं. बरोबर सांगितलं. लहानपणी मी एका मुशी माशाच्या पाठीवर बसून देवगडला गेलो होतो आणि आंबे विकून संध्याकाळच्या पेजेला परत आलो होतो, हे मी तुम्हाला आज ना उद्या सांगणारच आहे. पण आज तुम्ही विचारलंत की सरकारने पक्क्या शेडी दिल्या, नळ दिला, उडत्या यंत्रातून औषधं येतात, तरी हे पांढरवेळचे लोक दर पौर्णिमेला त्या खालच्या दगडाकडे का जातात. म्हणून आज फक्त तेवढंच सांगतो. बसा. त्या मुळावर नको, मुंगळे आहेत.

काय? खोडावरच्या खाचा? साळिंदराच्या आहेत. आमच्याकडची साळिंदरं फणसावर दात घासतात. हसू नका.

तिकडे पडवीत बसून जी बाई नारळाच्या झावळीतून केरसुणीसाठी हीर काढते आहे, ती माझी थोरली भावजय, भामावैनी. मी बोलत असलो की तिची सुरी जोरात चालते. त्याकडे लक्ष देऊ नका.

तर पांढरवेळ म्हणजे खाली, समुद्र आणि खाडी यांच्या मधल्या वाळूच्या पट्ट्यावरचं आमचं गाव. माड, भातखाचरं, कौलारू घरं. आणि गावाची एक रीत होती, गावपळण. दर तीन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, अख्खं गाव उठायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, झोळीतलं पोर, सगळे वेशीबाहेर येऊन सड्यावर खोपी बांधून राहायचे. तीन दिवस गावात चूल नाही, दिवा नाही, माणसाचा आवाज नाही. का, ते विचारू नका. कोणी म्हणतं भुतांना मोकळं रान द्यायचं, कोणी म्हणतं जमिनीला विसावा. चौथ्या दिवशी वेशीवरच्या गांगो देवाला कौल लावायचा. ओल्या दगडावर एक पाकळी उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर परत चला. डावी पडली तर थांबा, पुन्हा विचारू. माझ्या आज्याच्या आठवणीत डावी कधी पडली नव्हती.

कौल लावायचा मान आमच्या घराचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, भिकादादाचा. पण त्याचे हात कापायला लागले, डोळ्यांत फूल पडलं, म्हणून तो म्हणाला, "धाकू, तू लाव. देवाक काय, हात कोणाचोय चलता." माझ्या थापांचा सगळ्यात मोठा शत्रू तो आणि कौलाच्या बाबतीत सगळ्यात मोठा विश्वासही त्याचाच. बघा, माणूस कसा असतो.

त्या वर्षीच्या पळणीत दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खोपींसमोर बसलो होतो. दादा पेज पीत होता. एकदम म्हणाला, "आज मीठ बरोबर पडला. गेले कितीतरी महिने हिचो हात जड झालेलो."

वैनी भांडी घासत राहिली. त्या दिवशीची पेज सड्यावरच्या झऱ्याच्या पाण्याची होती, एवढं लक्षात ठेवा.

तेवढ्यात खालच्या वाटेने एक तरुण बाई धापा टाकत वर आली. पाठीला पिशवी, डोक्यावर ओढणी, चेहरा पांढरा फटक. आम्हाला बघून ती मटकन दगडावर बसली आणि म्हणाली, "अहो काका, तुम्ही सगळे लोकं इथं आहे होय? मी तर घाबरून गेली ना! अख्खं गाव फिरली, एक कुत्रं नाही. दारं उघडी, झोपाळा हलून राहिला, अन् माणूस कोणीच नाही!"

"झोपाळ्यावर माझो बापूस बसलेलो," मी म्हणालो. "वारून वीस वर्षां झाली."

ती आणखी पांढरी झाली. वैनीने मला भांड्याचं पाणी मारलं.

ती अर्पिता खोडे, नागपूरकडची. किनाऱ्यावरची गावं सुरक्षित जागी हलवायची जी योजना होती, तिच्यात आकाशातले फोटो वाचायचं तिचं काम. आणि ती आली होती कशाला, तर पांढरवेळला माणसं राहतात की नाही हे बघायला! कारण तिच्या यंत्राने आमचं गाव उठलेलं ठरवलं होतं. रात्रीचे दिवे मोजणारे उपग्रह असतात. यंत्राने तपासणीसाठी दर तीन वर्षांतून एकदा काही स्वच्छ आकाशाच्या रात्री निवडल्या होत्या, आणि स्वच्छ आकाश म्हणजे थंडी, आणि थंडी म्हणजे आमची पळण. यंत्राने बघितलं तेव्हा तेव्हा अंधार. धूर नाही, गुरं नाही. यंत्र म्हणालं, इथे कोणी राहत नाही. जे राहत नाहीत त्यांना वर जागा कशाला?

आम्ही पोट धरून हसलो. जगातलं एवढं शहाणं यंत्र, आणि ते नेमकं आमच्या भुतांच्या सुट्टीत यायचं!

मग तिने पिशवीतून गुंडाळी करता येणारा पडदा काढला, मांडीवर पसरला आणि आम्हाला उतरंड दाखवली. हा शब्द वैनीचा. बाई समजावत होती की उपग्रह ठरलेल्या दिवसांनी, ठरलेल्या वेळी, त्याच जागेवरून जातो आणि त्याच जमिनीचा फोटो घेतो. गेली साठ-सत्तर वर्षं हे चाललंय. जुने फोटो जाडेभरडे, त्यात आमचं अख्खं आवार एका ठिपक्यात मावायचं. नवे इतके बारीक की माड मोजून घ्या. यंत्र हे सगळे फोटो एकावर एक ठेवतं, न हलणारे कातळ जुळवून घेतं, कुठला भरतीचा आणि कुठला ओहोटीचा ते ओळखून तो फरक काढून टाकतं. मग उरतो तो खरा बदल. एक फोटो काही सांगत नाही. ढीग सांगतो.

"म्हणजे मडक्यांची उतरंड," वैनी म्हणाली. "एकावर एक. खालचा मडका फुटला काय कळता वरचा कित्याक हलता."

"हो काकू, तेच!"

बाईने पडद्यावर बोट फिरवलं आणि सत्तर वर्षं आमच्यासमोरून सरकली. मी खूप थापा मारल्या आयुष्यात, पण असं काही मला कधी सुचलं नव्हतं. आमचा वाळूचा पट्टा हलत होता. एखादं जनावर झोपेत अंग आखडतं तसा. समुद्राची बाजू आत येत होती, खाडीची बाजू आत येत होती, आणि मध्ये गाव चिमटीत धरल्यासारखं. ती म्हणाली, आणखी एक आहे, जे डोळ्यांना दिसत नाही. हिरवं पान एक प्रकारचा उजेड परत फेकतं. तो आपल्याला दिसत नाही, उपग्रहाला दिसतो. मुळांशी खारं पाणी आलं की तो उजेड आधी मंदावतो, झाड पिवळं पडतं ते नंतर. तिने तो रंग लावला. गावाच्या समुद्राकडच्या अंगाला आमचे उभे, हिरवेगार माड पडद्यावर राखेच्या रंगाचे दिसायला लागले.

त्या राखेत एक तांबडा ठिपका होता. दादाने पडद्याला नाक लावलं. "ह्यां आमचा घर," तो म्हणाला. आवाजात असा आनंद, जसा देवळातल्या गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं. "धाकू, बघ. मंगलोरी कौलां. मी चढवलेली."

"काका, हे घर पुढच्या..." बाई अडखळली. "हे यंत्र सांगते की दोन-तीन पावसाळे."

"यंत्र सांगता की गावात कोण रवणा नाय," दादा म्हणाला. "तुझा यंत्र भुतां मोजता गो बाय."

लोक हसले. बिचारीने पडदा गुंडाळून ठेवला. चूक तिच्याच यंत्राची होती.

लोक पांगले तेव्हा मी तिच्याजवळ तहानेचं निमित्त करून बसलो. तिने बाटली पुढे केली. मी घोट घेतला आणि तो तसाच तोंडात राहिला. खारट. समुद्रासारखं नाही. जड हाताने मीठ टाकलेल्या पेजेसारखं.

"खंयचा पाणी ह्यां?"

"तुमच्याच गावातलं. ते तांबड्या कौलांचं घर नाही का, त्याच्या विहिरीतून ओढलं. मला वाटलं समुद्राजवळ असंच असतं."

मी मान वर केली. वैनी भांड्यांपाशी उभी होती, आमच्याकडे बघत. मग तिने पदर खोचला आणि झऱ्याकडे निघून गेली. म्हणजे तिचा हात कधी जड झालाच नव्हता. कितीतरी महिने ती रोज नवऱ्याच्या शिव्या खात होती आणि विहिरीचं नाव घेत नव्हती. त्याने स्वतः खणलेली विहीर ती.

चौथ्या दिवशी सकाळी मी कौल लावला. सगळं गाव मागे उभं, बोचकी बांधलेली, गुरांची दावी हातात. मी दगड धुतला, पाकळ्या लावल्या. आणि तेव्हा काय सांगू! समुद्रातून शंखासारखा आवाज आला, आभाळात एक घार जागच्या जागी थांबली, माझ्या डोक्यावरचे पाच केस उभे राहिले...

"चार," पडवीतून वैनी म्हणाली.

चार केस उभे राहिले, आणि डावी पाकळी पडली. डावी! दादाला दिसत नव्हतं. त्याने विचारलं, "खंयची?"

"डावी, दादा."

"बरा," तो म्हणाला. "देव सांगता तर रवया." आणि खाली बसून त्याने बोचक्याची गाठ सोडली. सावकाश, त्याच कापऱ्या हातांनी.

मी खोपीत गेलो, वैनीकडे थोडं खोबरेल मागितलं. थंडीत माझी बोटं फुटतात. तिने बाटली दिली.

गंमत अशी, की आम्ही सड्यावर थांबलो म्हणून यंत्राला आम्ही दिसलो. खाली अंधार, वर रोज चुली, रोज दिवे. यंत्राने लिहिलं, नवी वस्ती. खोडेबाईंनी धावपळ केली आणि पावसाआधी शेडी उभ्या राहिल्या. जे गाव शंभर वर्षं होतं ते यंत्राला दिसलं नाही, आणि तीन दिवसांसाठी बांधलेल्या खोपी मात्र दिसल्या.

पण कौल तो कौल. डावी पडली म्हणजे नाही असं नाही. थांबा, पुन्हा विचारा. म्हणून दर पौर्णिमेला विचारायचं. आदल्या संध्याकाळी बोचकी बांधायची, सकाळी वेशीपर्यंत उतरायचं, डावी पडली की परत चढायचं, बोचकी सोडायची. तुम्ही काल एकदा बांधलीत आणि एकदा सोडलीत, तर तुमची कंबर मोडली. आम्ही हे करतच राहिलो. पहिल्या वर्षी लोक रडायचे. दुसऱ्या वर्षी भांडायचे. कोणी म्हणायचं गांगो कोपला, कोणी म्हणायचं गुरव बाटला. मग भांडणंही दमली. तरुण मंडळी यायची बंद झाली, त्यांनी शेडींना रंग दिले. आता उरलेत चार-पाच म्हातारे, जे अजून बोचकं बांधतात. ऊन असतं, कातळ तापतो, गुडघे बोलतात. मला आठवतं, एका वैशाखातल्या पौर्णिमेला परत चढताना मी घामाने निथळत होतो, जीव नकोसा झाला होता. शेडीत येऊन वैनीकडे खोबरेल मागितलं आणि तसाच आडवा झालो. दादा शेजारी बसला होता. म्हणाला, "धाकू, तू दमलंस रे. मी सांगूक नको होतंय तुका ह्यां काम."

मी त्याला मुशीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "खोटारड्या," आणि झोपला.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर खोडेबाई पुन्हा आली. दादाला फार जपायची ती. तिला बघताच तो म्हणाला, "उतरंड दाखय. माझा घर दाखय."

तिने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? तिने पडदा उघडला, त्याच्या डोळ्यांसाठी चित्र केवढं तरी मोठं केलं. दादाने जुन्या फोटोंतून बोट सरकवत आणलं. तांबडा ठिपका, तांबडा ठिपका, तांबडा ठिपका. शेवटच्या फोटोवर बोट थांबलं. तिथे करडं पाणी होतं आणि त्यात फेसाची एक रेघ.

त्याने पुन्हा पडद्याला नाक लावलं. मग मान हलवून म्हणाला, "ढग इलो असतलो."

"काका, हा रडारचा..." खोडेबाईने सुरुवात केली. ती आम्हाला हे पूर्वीच शिकवून बसली होती: रडार वरून स्वतःच्या लहरी सोडतं आणि परतणारा पडसाद ऐकतं, त्याला ना रात्र अडवते ना ढग. दादाही ते ऐकून होता. मी तिच्या पायावर पाय दिला.

ती थांबली. त्या पोरीचं सगळं शिक्षण, सगळी नोकरी एकाच गोष्टीवर उभी होती: जे आहे ते सांगायचं.

"हो काका," ती म्हणाली. "ढगच आहे."

"मोठो आसा."

"हो. मोठा आहे."

"जायत," दादा म्हणाला. "ढग काय, आज हय, उद्या थंय."

वैनी दारात उभी होती. तिने खोडेबाईच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि चहा ठेवायला आत गेली. चहात तिने मीठ नाही, साखर जास्त टाकली.

त्यानंतर दादाने बोचकं सोडलंच नाही. म्हणाला, पुन्हा बांधूचा तर सोडूचा कित्याक? ते त्याच्या उशाशी असायचं. गेल्या हिवाळ्यात तो गेला तेव्हाही तिथेच होतं, गाठीला हात लावलेला. आम्ही ते उघडलं नाही.

तर अशी ही गोष्ट. आणि म्हणून आम्ही दर पौर्णिमेला जातो, कारण देवाने अजून हो म्हटलेलं नाही. तुम्ही म्हणाल, धाकू, प्रत्येक वेळी डावी कशी पडते? तेच तर आश्चर्य! गांगोला ठाऊक होतं. उपग्रहाच्या आधी ठाऊक होतं. मी पाकळ्या लावतो, मागे सरकतो, आणि माझ्या या डोळ्यांदेखत, हात न लावता, कसलीही लबाडी न करता, दर वेळी देव आपल्या बोटाने डावी...

"भावोजी."

सुरी थांबली होती. वैनीने झावळी बाजूला ठेवली.

"थंडीत तुमची बोटां फुटतत ना?"

"फुटतात. का?"

"मगे वैशाखातल्या पुनवेक तेल कित्याक मागलात?"

"वैनी, पाहुणे बसलेत..."

"बसानेत. फणसाचो चीक पाण्यान सुटणा नाय, खोबरेलान सुटता. ह्यो खाचो साळिंदराचो न्हय, तुमच्या कोयत्याचो. उजवी पाकळी तुमी चिकटवलात. पयल्या दिवसापासून."

ती उठली, आत गेली, आणि खोबरेलाची बाटली आणून माझ्यासमोर फणसाच्या मुळावर ठेवली.

"परवा पुनव," ती म्हणाली. "लागतली तुमका."